माझ्या नावाचं मटणाचं ताट

ऑफिसातलं कुणी "एकदा जेवायला जाऊ या" म्हणालं की जायचं नसतं, हे साताऱ्यात वीस वर्षं नोकरी करून मला चांगलं कळलं होतं. ते वाक्य म्हणजे "बरं, येते" याचाच लांबलेला प्रकार. आपण "हो, नक्की" म्हणायचं, समोरच्यानं "कळवते" म्हणायचं आणि दोघांनी सुखानं आपापल्या घरी जाऊन आमटी-भात खायचा. त्यामुळे सांगलीला बदली झाल्यावर शेजारच्या टेबलावरची बाई "बुधवारी संध्याकाळी सात वाजता" असं वार-वेळ सांगून बोलली, तेव्हा मी गडबडले. वार सांगितला की सुटका नसते.

निमित्त होतं. तिची आई वाईला न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ही पंधरा दिवस माहेरी राहिली. तेवढे दिवस तिचं टपाल मी सांभाळलं. त्यात पराक्रम काही नव्हता. आमच्या ऑफिसात टपाल येतं, त्यावर शिक्का बसतो आणि ते पुढच्या टेबलावर जाऊन झोपतं. पण तिला उपकार वाटले. त्यात तिचं माहेर वाईचं, सासर सांगलीचं. दोन्ही घरं अशी की चातुर्मासात कांदा-लसूणही उंबऱ्याबाहेर. नवरा गुजरातेत नोकरीला, महिन्या-दीड महिन्यानं येणार. घरात ही आणि सासू, दोघीच.

"कुठं जायचं?" मी विचारलं.

"मी बघून ठेवलंय," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मिरज रस्त्याला एक खानावळ आहे. मटणाची. तुमच्यासाठी म्हणून."

मला सवय आहे. माझं नाव कळलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आपोआप हंडी उभी राहते. कुठल्याही ऑफिसात रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मग बिर्याणी कधी?" आम्ही कोरेगावचे. घरात वर्षानुवर्षं घेवडा आणि भाकरी खाल्ली. बिर्याणी मी आयुष्यात चारदा केली आणि चारही वेळा घरच्यांनी दही मागून घेतलं. पण हे सांगून लोकांचा हिरमोड कशाला करा.

"ते हलाल वगैरे मी विचारून घेतलंय बरं का," ती म्हणाली. "मटण कुणाकडनं येतं तेही विचारलं. आणि म्हणे तिथला पांढरा रस्सा चांगला असतो. तांबडा थोडा पातळ करतात, म्हणे."

शुद्ध शाकाहारी बाईला एवढी माहिती कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मटण खाणाऱ्यांचा बुधवार हा वार तिला कसा ठाऊक, हाही पडायला हवा होता. पण मी वेगळ्याच काळजीत होते. आठ महिन्यांपूर्वी माझ्या पायाचा अंगठा असा सुजला होता की पांघरुणाचा स्पर्श सहन होत नव्हता. डॉक्टरांनी रक्त तपासून युरिक ॲसिड वाढल्याचं सांगितलं. मटण बंद, डाळी कमी, घेवडा बेतानं. मग खाऊ काय, असं विचारलं तर म्हणाले, पाणी भरपूर प्या. तेव्हापासून मी दुधी भोपळ्यावर जगत होते.

हे तिला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण तिनं इतकी चौकशी केली होती, शाकाहारी असून माझ्यासाठी मटणाच्या खानावळीत बसायला तयार झाली होती. मी म्हणाले, "कुठंही चालेल मला." पाहुण्यानं म्हणावं असं याहून धोक्याचं वाक्य नाही.

नवऱ्याचं कोरेगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी सांगलीत खोली घेऊन राहते आणि तो शनिवारी येतो. त्याला फोन केला.

"सांग की सरळ, मटण बंद हाय म्हणून," तो म्हणाला.

"आता कसं सांगू? ती माझ्यासाठी एवढं करतेय."

"मग खा."

"आणि अंगठा?"

"मग नगं खाऊ. मला गिऱ्हाईक हाय समोर."

शिष्टाचाराच्या बाबतीत मी अगदीच अडाणी होते असं नाही. साताऱ्याच्या ऑफिसात एकदा पुण्याहून एक बाई आम्हाला व्यक्तिमत्त्व विकास शिकवायला आल्या होत्या. जेवणाच्या आमंत्रणाला त्यांनी अख्खी दुपार दिली होती. दहा मिनिटं आधी पोचू नये, यजमानाच्या आधी बसू नये, यजमानानं मागवल्याशिवाय मागवू नये, ऑफिसचा विषय काढू नये, रिकाम्या हाती जाऊ नये. सूप पिताना चमचा आपल्यापासून दूर न्यावा, म्हणजे आपण हावरट दिसत नाही. हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेतलं आणि मधल्या सुट्टीत वडापाव खाल्ला.

भेट म्हणून त्या बाईंनी फुलं किंवा चॉकलेट सुचवलं होतं. मी आमच्या कोरेगावचा किलोभर वाघ्या घेवडा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा राजमा, घेतला. मला बेतानंच खायचा असल्यानं घरात तो पडूनच होता, हे भेट देताना सांगायचं नसतं.

बुधवारी सातला मी खानावळीसमोर उभी राहिले. बाहेर दुचाक्यांची रांग, आत भाकरी थापल्याचा आवाज, आणि रस्त्यापर्यंत आलेला तो वास. आठ महिने दुधी खाल्लेल्या माणसाला तो वास काय करतो ते मी लिहीत नाही. रिक्षा थांबली. ती उतरली. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, आईचं पुन्हा काही झालं की काय. मग तिच्यामागून एक कडक इस्त्रीची सुती साडी उतरली. सत्तरीच्या काकू, तिच्या सासूबाई. हातात पर्स आणि पाण्याची स्टीलची बाटली.

"ही एकटीच निघाली होती," काकू मला म्हणाल्या. "म्हटलं, असं कसं? आपण आमंत्रण दिलंय, घरातलं मोठं माणूस नको का बरोबर? ऑफिसात हिचं सगळं काम तुम्ही केलंत. मला तरी आभार मानू देत."

"मी सांगितलं होतं आईंना, वास सहन होणार नाही म्हणून," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"होतो की. थोडी सर्दीच आहे मला." काकूंनी पर्समधून रुमाल काढला. त्यावर निलगिरी इतकी होती की माझी सर्दी गेली. पण सांगायला हवं, त्यांनी तो रुमाल नाकाला लावला नाही. हातात धरून ठेवला. वास येतोय असं पाहुणीला दिसू नये म्हणून ती बाई दीड तास रुमाल मुठीत घेऊन बसली. आमच्या पुण्याच्या बाईंच्या यादीत हे नव्हतं.

फॅमिली विभाग म्हणजे पडद्यामागची तीन टेबलं. आम्ही बसलो. कानावर पेन अडकवलेला, मिशा पिकलेला वाढपी आला.

"आम्हा दोघींना काय मिळेल?" काकूंनी विचारलं.

"व्हेज ताट हाय की, मावशी. मटकी, बटाटा, भाकरी, भात."

"वेगळ्या भांड्यात करता ना?"

"भांडी लय हायत, मावशी," तो म्हणाला. हे उत्तर काकूंना पुरलं. मला आजही पुरलेलं नाही.

मी संधी साधली. "मलाही व्हेजच द्या."

"नाही, नाही!" सहकारीण एवढ्या जोरात म्हणाली की पलीकडच्या टेबलावरची मंडळी पडद्याआडून डोकावली. "ताईंना मटण ताट. स्पेशल."

"खरंच नको. मला डॉक्टरांनी..."

"अहो, असं सगळेच म्हणतात," काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "आमचे हेही साखर बंद आहे म्हणायचे आणि फडताळातले लाडू संपवायचे. आमच्यासाठी मन मारू नका. पाहुणा मन मारून उठला तर ते आम्हाला लागतं."

"पण..."

"स्पेशलच आणा," काकू वाढप्याला म्हणाल्या.

ताट आलं. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, खिमा, उकडलेलं अर्धं अंडं, आणि गरम भाकरी. त्या दोघींची मटकी त्या ताटाशेजारी शाळेतून नाव काढलेल्या पोरासारखी दिसत होती. मी ठरवलं, दोन घास खायचे आणि बाकी इकडचं तिकडं करत बसायचं. शिष्टाचारही सांभाळला जाईल आणि अंगठाही.

पहिला घास घेतला. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या घासाला मी अंगठा विसरले. चौथ्याला डॉक्टरांना विसरले. यजमानाचा मान राखायला मी जेवतेय असं मनाला सांगत होते, पण मान राखायला कुणी नळी फोडून चोखत नाही.

मध्येच वर बघितलं तर सहकारिणीचा घास हातातच होता. ती माझ्या ताटाकडे बघत होती. मला आधी वाटलं, किळस आली असेल. थोडं सावरून बसले, हाड बाजूला ठेवलं. तिची नजर त्या हाडाबरोबर गेली.

काकू हात धुवायला उठल्या. त्यांच्या भाकरीला कसलीशी तर्री लागली होती म्हणे. पडदा पडला आणि ही टेबलावर वाकली.

"ताई, एक वाटी. पांढऱ्याची."

"काय?"

"लवकर. आई येतील. मी खाते, ताई. कराडला होस्टेलला होते ना, तेव्हापासून. लग्नाला वीस वर्षं झाली. वीस वर्षांत दोनदा, तेही मैत्रिणीकडे. एकटी बाई अशा ठिकाणी कशी येणार? सांगलीत सगळे सासऱ्यांना ओळखणारे. तुम्ही बदलून आलात तेव्हा वाटलं, तुमच्याबरोबर गेलं तर कुणी काही म्हणणार नाही. तुमच्यासाठी गेले, असं सांगता येईल."

मी वाटी हातात धरून बसले. म्हणजे ते पंधरा दिवसांचं टपाल, ते उपकार, ती हलालची चौकशी, सगळं या वाटीपाशी आलं होतं. मी पाहुणी नव्हते, परवाना होते. थोडं लागलं, नाही असं नाही. पण समोर बेचाळीस वर्षांची, खात्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली बाई पोराटोरांसारखी वाटीकडे बघत होती. तिच्यावर रागवायला जमलं नाही. मी वाटी पुढे सरकवली.

तिनं ती तोंडाला लावली. सूप पिताना चमचा दूर न्यायचा तो नियम तिला बहुतेक माहीत नसावा. अर्धी वाटी एका घोटात गेली आणि त्याच क्षणी पडदा हलला. तिनं वाटी माझ्याकडे ढकलली, घोट श्वासात गेला आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून, नाकातून पाणी.

"अगं, काय झालं?" काकू धावल्या.

"मटकीत मिरची आली," मी म्हणाले. एवढं सहज खोटं मी ऑफिसच्या तपासणीतही कधी बोलले नव्हते.

काकूंनी तिची पाठ चोळली, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, त्यात तिच्या ताटातल्या मटकीचा एक घास घेऊन बघितला आणि वाढप्याला बोलावलं. "एवढं तिखट घालतात का? माणसाचा जीव जायचा."

वाढप्यानं मटकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, अर्ध्या झालेल्या वाटीकडे बघितलं. त्या माणसाला सगळं समजलं. "चुकलं, मावशी," तो म्हणाला. "आचारी नवा हाय." आणि त्यानं बिनतिखटाची मटकी आणून तिच्यापुढे ठेवली, वाटीभर, वर तूप सोडून. तिनं ती रडत खाल्ली. काकूंना वाटलं ठसक्यानं.

मग काकूंचं लक्ष माझ्या ताटाकडे गेलं. "अहो, तुमचं संपलं की! आणखी एक आणा यांना."

"नको, खरंच नको."

"लाजू नका. मी काही बघत नाही." आणि त्यांनी खरंच मान पलीकडे फिरवली.

मी दुसरं ताट खाल्लं. त्यातली निम्मी जबाबदारी मी शिष्टाचारावर टाकते. उरलेली कुणावर टाकू ते अजून ठरलेलं नाही. निघताना घेवड्याची पिशवी दिली, काकूंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "किती निवडून आणलाय!" सहकारीण रिक्षात बसताना माझ्याकडे अशी बघून गेली की जणू मीच तिचं जेवण खाऊन टाकलं. तसं ते खरंही होतं.

शुक्रवारी पहाटे अंगठा आला. शनिवारी नवरा कोरेगावहून आला तेव्हा मी पाय उशीवर ठेवून पडले होते आणि पंख्याचा वाराही नको म्हणत होते.

"झाला का शिष्टाचार?" त्यानं विचारलं. "किती खाल्लंस?"

"दोन ताटं."

"दोन? आगं, तुला एक खायाची बंदी हाय आनि तू दोन खाल्लीस व्हय?"

"आग्रह झाला."

"मला कवा एवढा आग्रह करू दिला न्हाईस," असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि दुधी चिरायला लागला.

चार दिवस रजा पडली. आता माझं टपाल तिच्या टेबलावर होतं. तिनं रोज फोन केला, रोज माफी मागितली. ऑफिसात मात्र बातमी अशी गेली की नव्या मॅडम यजमानिणीच्या जिवावर दोन ताटं मटण खाऊन आजारी पडल्या. ही बातमी तिनं पसरवली नसावी. पण ती खोडलीही नसावी, कारण खोडायला मग दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं.

रविवारी दुपारी दार वाजलं. काकू. एकट्याच. हातात डबा.

"मऊ भात आहे, मेतकूट घातलंय. डाळ नाही घातली, हिनं सांगितलं तुम्हाला चालत नाही म्हणून." त्या खुर्चीवर टेकल्या, अंगठा बघितला, जिभेनं चुकचुकल्या. "तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

मी म्हणाले, तुमचं कसलं, मीच अधाशासारखं खाल्लं. नवऱ्यानं चहा आणला. तो आत गेल्यावर काकूंनी कप खाली ठेवला.

"मटकी तिखट नव्हती हो," त्या म्हणाल्या. "मी चव घेतली ना."

मी भाताच्या डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"आणि तिच्या वरच्या ओठाला पांढरं लागलं होतं," काकू म्हणाल्या. "मी पदरानं पुसलं, पाठ चोळता चोळता. तिला कळलं नाही."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? बोलले असते तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. वीस वर्षांत माझ्याशी खोटं बोलली नाही ती. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भांडं द्यायलाही तीच होती, मुलगा नव्हता." त्यांनी कप पुन्हा उचलला. "तिला वाटत असेल, सासू पाळतीवर आली. तसं नव्हतं हो. मी खरंच जेवायला आले होते. मला कुणी हॉटेलात नेत नाही. मुलगा येतो तो दमून येतो, आणि या वयात मी कुठं म्हणू, चला बाहेर जाऊ? तुमच्या निमित्तानं साडी नेसले, रिक्षात बसले. बरं वाटलं."

एका संध्याकाळी दोघीही माझ्या निमित्तानं बाहेर पडल्या होत्या. मला हसू आलं आणि पाय हलला म्हणून कळही आली.

"तिला सांगू नका, मला कळलंय ते," जाताना काकू दारात म्हणाल्या. "ओशाळेल ती. तिला तुमच्याकडेच बोलावत जा. आमच्या घरात नको, आणि मला विचारूही नका."

तेव्हापासून महिन्यातला एखादा शनिवार आमच्या खोलीवर 'ऑफिसचं काम' असतं. नवरा मटण करतो. त्याला करायला येतं आणि मला खायला बंदी आहे, तेव्हा त्याला शेवटी आग्रह करायला माणूस मिळालं. सहकारीण येते, हात धुते, मांडी घालते आणि आधी एकदा विचारते, "ताई, आईंना संशय तर आला नसेल ना?" मी म्हणते, "छे, कुठला!" मग ती जेवते आणि मी समोर बसून दुधी खाते.

काकूंचा वार वेगळा आहे. सून ऑडिटमध्ये अडकली की त्या मला फोन करतात. मी त्यांना बसस्टँडजवळ डोसा खायला नेते. गेल्या वेळी त्यांनी मसाला डोसा मागवला, वर उत्तप्पा मागवला आणि चटणी तीनदा घेतली. मी म्हटलं, "काकू, पित्तामुळे हे सगळं बंद आहे म्हणालात ना?"

"असं सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या, आणि बोटानं वाटी पुसून घेतली.